छोटा होला: बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

बडोद्याच्या मराठी घरांतून या पाखराबद्दल वर्षभर विचारणा होत असते. उन्हाळ्यात पाण्याची, जानेवारीत मांज्याची, आणि बारा महिने एकच एक: "गॅलरीत अंडी घातलीयत, आता काय करू?" घाई असेल तर सरळ घरट्याच्या किंवा मांज्याच्या प्रश्नाकडे जा. बाकीचं सवडीनं वाचलंत तरी चालेल, पण वाचा नक्की. हा पक्षी आपल्या इतका जवळ राहतो की त्याची नीट ओळख नसणं मला खरंच खटकतं.

आमच्या गॅलरीत येतं ते कबूतर आहे की होला?

निळसर राखाडी रंग, भरदार अंग, पंखावर दोन काळे पट्टे आणि मानेवर हिरवी-जांभळी चमक असेल तर तो पारवा, म्हणजे आपण रोज ज्याला कबूतर म्हणतो तो. अंगानं सडपातळ, रंगानं गुलाबीसर तपकिरी, शेपूट लांब आणि चेहऱ्यावर भोळा भाव असेल तर होला. पारवे थव्यानं येतात, एकमेकांना ढकलतात आणि कठडा अडवून बसतात. होले बहुतेक जोडीनं येतात आणि माणूस दिसला की आधी थांबून अंदाज घेतात.

दोघं एकाच कुळातले आहेत, त्यामुळे मान पुढे-मागे करत चालण्याची लकब सारखीच. पण होल्याला "छोटं कबूतर" समजू नका. त्याच्या सवयी वेगळ्या आहेत.

छोटा होला नेमका ओळखायचा कसा?

गळा बघा. बाकी सगळं नंतर.

छोट्या होल्याच्या गळ्याच्या पुढच्या आणि दोन्ही बाजूंना तांबूस पट्टा असतो आणि त्यावर बारीक काळे ठिपके. हे ठिपके वरून रंगवल्यासारखे सपाट नसतात. तिथली पिसं टोकाशी दुभंगलेली असतात, त्यामुळे ऊन तिरपं पडलं की तांबडा आणि काळा रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. मानेच्या मागच्या बाजूला मात्र काहीच नसतं, ना पट्टा ना ठिपके. ही खूण लक्षात राहिली की निम्मं काम झालं.

मग पंख बघा. बसलेल्या होल्याच्या पंखाच्या कडेला निळसर राखाडी भाग दिसतो, पाठ मातकट तपकिरी आणि पोट पांढुरकं. उडताना शेपटीच्या बाहेरच्या पिसांची पांढरी टोकं झळकतात. पाय लालसर. लांबी साधारण २५ ते २७ सेंटिमीटर, त्यातही शेपटीचा वाटा मोठा, म्हणून अंग मैनेहून फार मोठं वाटत नाही. मराठीत याला छोटा तपकिरी होला असंही म्हणतात.

बडोद्यात आणखी कोणते होले आहेत? माझा नेहमी गोंधळ होतो.

गोंधळ होणं स्वाभाविक आहे, कारण चार होले नियमित दिसतात आणि चारही मातीच्या रंगाचे. पण गळा आणि अंगाचा रंग नीट बघितला तर चौघे वेगळे कळतात.

ठिपकेदार होला छोट्या होल्यापेक्षा मोठा, सुमारे ३० सेंटिमीटर. त्याच्या मानेच्या मागे काळा पट्टा आणि त्यावर पांढरे ठिपके असतात. पाठीवरही फिकट ठिपके विखुरलेले. म्हणजे छोट्या होल्याचे ठिपके पुढे, तांबड्यावर काळे. ठिपकेदार होल्याचे मागे, काळ्यावर पांढरे. नावात ठिपके आहेत म्हणून गळ्यापुढचे ठिपके बघून त्याचं नाव सांगणारे पुष्कळ आहेत. ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

कंठी होला सर्वांत मोठा, ३२ सेंटिमीटरच्या आसपास, रंगानं फिका, वाळूसारखा राखाडी. मानेच्या मागे एकच काळी अर्धगोल रेघ. अंगावर ठिपका एकही नाही. पादरा, डभोई किंवा सावली या गावांच्या रस्त्याला लागलात की विजेच्या तारांवर हा दिसू लागतो. या पक्ष्यानं विसाव्या शतकात तुर्कस्तान आणि बाल्कनकडून युरोप पादाक्रांत केला. ब्रिटनमध्ये तो पहिल्यांदा १९५५ साली विणीला लागला आणि आज तिथल्या बागांतला अगदी नेहमीचा पक्षी आहे. आपल्याकडे मात्र तो पूर्वापार शेतशिवारातलाच.

चौथा लाल होला. हा आकारानं सगळ्यांत लहान आणि बांध्यानं आखूड. नराचं अंग विटकरी-लाल, डोकं राखाडी आणि मानेमागे काळी रेघ. यात नर-मादी रंगानं स्पष्ट वेगळे असतात. मादी तपकिरी-राखाडी असते आणि घाईत बघितली तर लहानखुरा कंठी होलाच वाटते. अशा वेळी जोडीदार शेजारी बसलाय का ते बघावं. तो लाल असेल तर प्रश्नच मिटला.

आणि तो हिरवा होला? वडाच्या झाडावर थवा असतो तो?

तो हरियाल, काही ठिकाणी त्याला हारोळी म्हणतात. पिवळसर हिरवं अंग, पिवळे पाय. वड, पिंपळ, उंबर यांची फळं खाणारा, म्हणून झाडावरच राहतो आणि जमिनीवर क्वचित उतरतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हाच. बडोद्यात जुने वड अजून आहेत, त्यामुळे पिकलेल्या फळांच्या दिवसांत मान वर करून पानांत शोधा. पानं आणि पक्षी एकाच रंगाचे, दोन-चार दिसले की डोळा सरावतो आणि मग दहा-पंधरा दिसू लागतात.

नर कोणता, मादी कोणती?

छोट्या होल्यात रंगावरून सांगता येत नाही. वागण्यावरून येतं. घुमत घुमत, मान खालीवर करत दुसऱ्याच्या मागे मागे चालतो तो नर. मध्येच तो थांबून मिटलेल्या पंखात चोच घालतो, जणू पिसं साफ करतोय. ही त्याची प्रियाराधनाची रीतच आहे. कधी तो पंखांचा फटफट आवाज करत सरळ वर चढतो आणि शेपूट पसरून तरंगत खाली येतो. हे दृश्य बघायचं असेल तर सकाळी गच्चीवर जरा वेळ काढा.

शहरात कुठे बघायला मिळतील?

छोटा होला तुमच्या घराबाहेरच आहे. त्याला कोरडी, मोकळी जमीन आणि जवळपास थोडं झुडूप लागतं. सोसायटीचं पार्किंग, शाळेचं मैदान, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांची अंगणं, सगळं त्याला चालतं. ठिपकेदार होल्याला गर्द सावली आवडते, त्यामुळे तो सयाजीबागेत, विद्यापीठाच्या आवारात किंवा विश्वामित्रीच्या काठच्या झाडीत शोधावा. सयाजीबाग १८७९ ची आहे. तिथल्या जुन्या झाडांखाली पाचोळ्यात दोन्ही जातींचे होले शेजारी शेजारी चरताना दिसतात. तुलना करून शिकायला याहून चांगली जागा नाही. सकाळी लवकर जा, गर्दी वाढली की होले झाडावर जातात.

आवाजावरून ओळखता येईल का?

येईल, आणि एकदा कान तयार झाला की डोळ्यांपेक्षा कान भरवशाचा ठरतो.

छोटा होला पाच-सहा सुरांची लड लावतो: कु-कुरू-कुकुकु. सूर मऊ, मध्ये चढतो आणि शेवटी उतरतो. कोणी हलक्या आवाजात हसतंय असं वाटतं. कंठी होला तीन सुरांत बोलतो, मधल्यावर जोर: कु-कूऽऽ-कु. तोच तोच, न थकता. ठिपकेदार होल्याचा आवाज थोडा घोगरा, क्रू-क्रुक-क्रूऽऽ असा लांबवलेला. लाल होला भराभर, खरखरीत गुरगुरल्यासारखा घुमतो.

दुपारी सगळं शांत असताना, पंखा बंद करून खिडकीत बसलात तर पहिले दोन सहज वेगळे करता येतील. मर्लिन हे मोफत अॅप आवाज ऐकून नाव सुचवतं. ते वापरा, पण गळा बघून खात्री करा. ट्रॅफिकच्या आवाजात त्याची फसगत होते.

याच्या शास्त्रीय नावाचा गुजरातशी संबंध आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं १७६६ साली या जातीला नाव दिलं ते पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलवरून, सेनेगॅलेन्सिस. पण भारतात सापडणाऱ्या उपजातीचं नाव कॅम्बायेन्सिस, म्हणजे आपल्या खंभातवरून. ते दिलं जर्मन शास्त्रज्ञ ग्मेलिननं, १७८९ मध्ये. त्याच वर्षी त्यानंच भारतातल्या ठिपकेदार होल्याला सुरातेन्सिस म्हटलं, सुरतेवरून. अठराव्या शतकात युरोपची जहाजं ज्या बंदरांना लागत होती, तिथलीच नावं पक्ष्यांनाही लागली. आपण बडोदेकर या दोन बंदरांच्या मधे राहतो आणि दोन्ही पाखरं आपल्या अंगणात एकत्र चरतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काय खातो? दाणे टाकावेत का?

जमिनीवर पडलेलं बी हे त्याचं मुख्य अन्न. गवताचं बी, ज्वारी-बाजरीचे दाणे, तणांचं बी, आणि अधूनमधून मुंग्या, वाळवीसारखे लहान कीटक. बी सोलत नाही, सबंध गिळतो. म्हणून पोटात ते दळायला बारीक खडेही टिपतो. रस्त्याकडेच्या मातीत काहीच नसताना चोच मारताना दिसला तर तो उपाशी आहे असं समजू नका, खडे वेचत असतो.

दाणे टाकायचेच असतील तर मूठभर, जमिनीवर किंवा गच्चीच्या फरशीवर, सकाळी एकदा आणि तेवढेच. बाजरी, राळा, बारीक ज्वारी उत्तम. भात, शेव, गाठिया, बिस्किटं, शिळी पोळी नको. परातभर धान्य ओतलं तर पारव्यांचा थवा येतो आणि होले हुसकावले जातात. चौकातल्या चबुतऱ्यावर हे रोज घडतं. तिथे श्रद्धेनं धान्य घालणाऱ्यांचा मला आदर आहे, पण त्यातलं होल्याच्या वाट्याला फारसं येत नाही. त्याचं खरं भलं करायचं असेल तर कंपाउंडच्या एका कोपऱ्यात गवत वाढू द्या, त्याला बी धरू द्या. सगळी जागा पेव्हर ब्लॉकनं झाकली की होल्याचं ताट उचलल्यासारखंच होतं.

उन्हाळ्यात पाणी ठेवतो, पण ते बरोबर ठेवतोय का?

पाणी ठेवताय हेच मोठं काम आहे. किडे किंवा फळं खाणाऱ्या पक्ष्याला अन्नातून ओल मिळते. होला कोरडं बी खातो, त्यामुळे त्याला पाणी प्यावंच लागतं, आणि मे महिन्यात बडोद्यात पारा ४० च्या वर गेला की दिवसातून अनेकदा.

त्याला पाणी पिताना जवळून बघाच. चिमणी, मैना, कोंबडी चोचीत घोट घेतात आणि मान वर करून तो घशात उतरवतात. होला चोच पाण्यात बुडवतो आणि तशीच ठेवून ओढून घेतो. मान उचलत नाही. गळ्याची पिसं हलताना दिसतात, डोळा मात्र आजूबाजूला भिरभिरत असतो. काही सेकंदांत काम आटपून तो उडतो. उघड्यावर मान खाली घालून जितका कमी वेळ जाईल तितकं बरं, मांजर आणि शिक्रा दोघंही टपलेले असतात.

त्याला चोच बुडेल एवढं, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरतं. मातीचं पसरट भांडं किंवा परळ घ्या, त्यात एक दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्यांनाही टेकायला जागा मिळते. सावलीत, पण झुडपाला चिकटून नको, तिथे मांजर दबा धरते. प्लास्टिकचं भांडं उन्हात तापतं. आणि पाणी रोज बदला, भांडं काथ्यानं घासा. अनेक होले-पारवे एकाच भांड्यात पितात तेव्हा घशाचा एक जीवघेणा संसर्ग पाण्यातून पसरतो. अस्वच्छ पाण्यापेक्षा रिकामं भांडं बरं, असं मी स्पष्टच सांगतो.

गॅलरीत घरटं केलंय. आता काय?

आता एक महिना धीर धरायचा.

छोट्या होल्याचं घरटं म्हणजे आडव्या-उभ्या ठेवलेल्या काड्यांची पातळ चटई. खालून पाहिलं तर फटींतून अंडी दिसतात. एसीच्या बाहेरच्या युनिटवर, ग्रिलच्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीत, बंद पडलेल्या दिव्यावर, कुठेही. "एवढं कच्चं का बांधतो?" असं विचारतात. त्याचं गणित वेगळं आहे. वर्षातून अनेकदा वीण होते, एक घरटं गेलं तर लगेच दुसरं. मेहनत कमी, फेऱ्या जास्त.

बांधण्यात दोघांचा वाटा असतो. नर खालून काडी शोधतो. निंबाची, गुलमोहराची, कधी आपल्या केरसुणीची. चोचीत आडवी धरून उडत येतो, बसलेल्या मादीला देतो, ती जागेवरूनच काडी अंगाखाली सरकवते आणि छातीनं दाबते. एका वेळी एकच काडी. ती निसटली तर बहुतेकदा तीच उचलायला खाली जात नाही, दुसरी शोधतो.

अंडी दोन, पांढरीशुभ्र, एकेक दिवसाच्या अंतरानं. १३ ते १५ दिवस दोघं आळीपाळीनं उबवतात. दिवसाचा बराच वेळ नर आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी, अशी साधारण वाटणी. त्यामुळे "एकच पक्षी दिवसरात्र बसून आहे" असं वाटतं ते खरं नसतं. पाळी बदलायला दोघं सेकंदभरात ये-जा करतात. पिल्लं बाहेर आली की आणखी १४ ते १६ दिवसांत उडतात. म्हणजे पहिलं अंडं दिसल्यापासून जागा मोकळी व्हायला महिनाभर.

या महिन्यात गॅलरी बंद करायची गरज नाही. कपडे वाळत घाला, झाडांना पाणी घाला, फक्त हालचाल सावकाश आणि ठरलेल्या वेळी. पहिले तीन-चार दिवस जपा, अंडी नवी असताना पक्षी बुजून घरटं सोडण्याची शक्यता जास्त. फोटोसाठी जवळ जाऊ नका. एसीच्या युनिटवर असेल तर शक्यतो तो लावू नका. घरटं उचलून दुसरीकडे ठेवू नका, चार फूट सरकवलं तरी होल्याला ते सापडेलच असं नाही. काड्या घसरत असतील तर आहे त्याच जागी खाली एक उथळ टोपली किंवा पुठ्ठा अडकवा, काड्या आणि अंडी पुन्हा त्यात ठेवा आणि लगेच दूर व्हा.

पिल्लं उडाल्यावर घरटं काढायचं असेल तर त्याच आठवड्यात काढा. उशीर केलात तर तिथेच पुढची जोडी अंडी घालेल. मला विचाराल तर राहू द्या.

अंडी फुटलीच नाहीत तर?

वीस-बावीस दिवस उलटले आणि जोडीनं बसणं सोडलं असेल तर अंडी वांझ. काढून कुंडीच्या मातीत पुरा.

कबूतर दूध पाजतं हे खरं की थाप?

अगदी खरं, आणि होल्यालाही लागू. या कुळातल्या पक्ष्यांच्या गळ्याखालच्या पिशवीला अन्नपुट म्हणतात. अंडी फुटायच्या सुमारास तिच्या आतल्या आवरणाच्या पेशी भराभर वाढतात, गळून पडतात आणि त्यांचा पनीरसारखा लगदा तयार होतो. त्यात प्रथिनं आणि स्निग्ध भरपूर. पहिले काही दिवस पिल्लांना फक्त हेच मिळतं, नंतर त्यात भिजलेलं बी मिसळत जातं. यासाठी शरीरात जे संप्रेरक काम करतं ते प्रोलॅक्टिन, सस्तन प्राण्यांत दूध आणणारंच. फरक एवढाच की इथे आई आणि बाप दोघंही पाजतात.

पक्ष्यांत ही सोय फार थोड्यांकडे आहे. त्यातला एक म्हणजे रोहित, गुजरातचा राज्यपक्षी. आपल्या माहेरचा हरियाल आणि इथला रोहित, दोघंही पिल्लांना असंच वाढवतात.

यामुळेच होल्याच्या तान्ह्या पिल्लाला आपण वाढवणं फार अवघड. गाईचं दूध, दूध-पाव, वरणाचं पाणी यांतलं काहीच त्याला पचत नाही.

पिल्लू खाली पडलंय. काय करू?

आधी पिसं बघा. अंगावर नुसती पिवळट लव असेल, डोळे मिटलेले असतील, तर ते घरट्यातलं पिल्लू. हातानं उचलून परत ठेवा. माणसाच्या वासानं आईबाप टाकून देतात हा समज चुकीचा आहे. घरटंच मोडलं असेल तर लहान टोपलीत कोरड्या काड्या घालून जुन्या जागेच्या जितकं जवळ जमेल तितकं बांधा.

पिसं पूर्ण आलेली, शेपूट आखूड आणि गळ्यावर ठिपके नसलेलं पिल्लू जमिनीवर बसलं असेल तर ते उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात आणि खाली येऊन भरवतात. मांजर, कुत्रा असेल तरच उचलून जवळच्या झुडपावर ठेवा आणि आपण लांबून लक्ष ठेवा. कनवाळू माणसं अशी धडधाकट पिल्लं "वाचवायला" घरी नेतात आणि ती आईबापांपासून तुटतात.

कोणत्याही पिल्लाच्या चोचीत पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं.

कावळा, भारद्वाज अंडी पळवतात. हुसकावू का?

तुमच्या गॅलरीतून हुसकावलंत तर हरकत नाही, पण त्याचा राग धरू नका. त्यांनाही पिल्लं आहेत. मांजराचं मात्र वेगळं. शहरातली मांजरं माणसांच्या खाण्यावर वाढलेली असतात, त्यामुळे घरट्याखाली चढायला सोयीचं टेबल किंवा शिडी ठेवू नका. झटापटीत होल्याची मूठभर पिसं गळून शिकाऱ्याच्या तोंडात राहतात आणि तो निसटतो. त्याच्या कुळाला ही देणगीच आहे. म्हणून गॅलरीत पिसांचा ढीग दिसला तरी पक्षी मेलाच असं नाही.

उत्तरायणात काय काळजी घ्यायची?

बडोद्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. १४ जानेवारीला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण, आणि आधीचे आठ दिवस पोरांचा सराव. मकरसंक्रांत आपलीही आहे, पतंगाची मजा मीही घेतलेली आहे, आणि सण बंद करा असं मी म्हणत नाही. पण होला गच्चीच्या उंचीवरून, वेगानं, सरळ रेषेत उडतो. मांजा असतो नेमका त्याच उंचीवर. "काप्यो छे" चा गलका किंवा फटाका झाला की झाडावरचा होला दचकून थेट दोऱ्यांत शिरतो. काच लावलेला दोरा पंखाच्या सांध्यापाशी कातडी आणि स्नायू एकदम कापतो. असा पंख पुन्हा धरेलच याची खात्री नसते.

तेव्हा एवढं करा. पाखरं सकाळी लवकर चरायला निघतात आणि संध्याकाळी परततात, या दोन वेळा पतंग उतरवा. नायलॉनचा किंवा कृत्रिम धाग्याचा मांजा आणू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली आहे. आणि सण झाल्यावर तुमच्या गच्चीवरचा, झाडावर हात पोचेल तिथला सगळा गुंता गोळा करा, कात्रीनं बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. लटकलेला मांजा फेब्रुवारी-मार्चमध्येही पाखरं अडकवतो. होला काडी समजून तोच दोरा घरट्यात आणतो आणि पिल्लांचे पाय आवळले जातात.

अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका. एका हातात मऊ कापडानं पंख मिटवून पक्षी धरा, दुसऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी दोरा कापायला सांगा. अंगात रुतलेला भाग तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड हलकं दाबून धरा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. खाणंपिणं काही नको, हळद-चुना तर मुळीच नको. गुजरातेत प्राण्यांच्या रुग्णवाहिकेसाठी १९६२ हा क्रमांक आहे. सरकारच्या करुणा अभियानात या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी उपचार केंद्रं चालतात. फोन लागेपर्यंत खोकं उघडून उघडून बघू नका, त्या धसक्यानंच पाखरू जातं.

काचेवर आपटला. तावदानावर चक्क पक्ष्याचा ठसा उमटलाय!

या कुळाच्या पिसांवर बारीक भुकटी असते, ती काचेला चिकटते. पक्षी सुन्न होऊन बसला असेल तर तसाच खोक्यात तास-दीड तास ठेवा. बहुतेकदा सावरतो. बाहेर नेऊन उघडा, पण हवेत भिरकावू नका. पुन्हा पुन्हा होत असेल तर काचेवर बाहेरून पट्ट्या चिकटवा किंवा पडदा ओढून ठेवा.

विष्ठेनं आजार होतात ना? घरात लहान बाळ आहे.

शंका रास्त आहे. पारव्यांच्या मोठ्या थव्याची साठलेली, वाळलेली विष्ठा झाडताना उडणारी धूळ फुप्फुसाला अपायकारक असते. दमेकऱ्यांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना जास्त. होल्याच्या एका जोडीची घाण त्या मानाने अगदी थोडी असते. तरी घरट्याखाली जुनं वर्तमानपत्र घाला आणि चार दिवसांनी गुंडाळून टाका. फरशी कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा, मग पुसा, तोंडावर रुमाल बांधा, हात साबणानं धुवा. बाळाची दुपटी त्या बाजूला वाळत घालू नका. घरात फुप्फुसाचा आजार असलेलं कुणी असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

पाळता येईल का? पिंजऱ्यात छान राहील.

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे रानपाखरं पकडणं, बाळगणं, त्यांची अंडी-घरटी नासवणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पाण्याचं एक भांडं ठेवलं की जो आपणहून दारात येतो त्याला कोंडायचं कशाला?

आजी म्हणते होल्याचं घरटं अशुभ. शेजारच्या बेन म्हणतात लक्ष्मी आली. कोणाचं खरं?

होला सावली, कोनाडा आणि कमी वर्दळ बघून जागा ठरवतो. घराच्या दैवाशी त्याचा संबंध नाही. आजीला दुखवू नका. तिला खुर्ची टाकून संध्याकाळी पाळी बदलताना दाखवा. आजीचं मत माझ्या उत्तरानं बदलणार नाही, त्या पाखरांनीच बदललं तर बदलेल.

होले कमी होतायत का?

जात म्हणून छोट्या होल्याला आज धोका नाही. आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे भारतापर्यंत तो पसरलेला आहे, आणि १८९८ मध्ये पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून सोडलेल्या पक्ष्यांमुळे पश्चिम ऑस्ट्रेलियातही रुजला आहे. पण तुमच्या गल्लीत कमी झालेत का, हे तुम्हालाच सांगता येईल. रिकामे प्लॉट बांधले गेले, कुंपणाची मेंदी जाऊन भिंत आली, तर त्या गल्लीत पारवे वाढतात आणि होले घटतात.

नोंद ठेवायची असेल तर काय लिहावं?

तारीख, वेळ, जागा, किती होले, काय करत होते. घरटं असेल तर पहिलं अंडं कधी दिसलं, पिल्लं कधी फुटली, कधी उडाली. कशावर बांधलं तेही लिहा. पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून संख्या भरता येते, तिथे छोटा होला आणि ठिपकेदार होला वेगळे निवडा. खात्री नसेल तर अंदाजानं नाव टाकू नका, "होला, जात ठरली नाही" अशी नोंदही चालते. सुरुवातीला एक वही पुरे. गळ्याचं छोटं चित्र काढा, ठिपके पुढे होते की मागे ते त्यात दाखवा. चित्र चांगलं यायची गरज नाही.